छपराखालच्या मातीत साठत जाणारं खत

हरितगृहातली भाजी म्हणजे निर्धोक भाजी, असं सर्रास मानलं जातं. किडी बाहेर राहतात हे खरं, पण छपरामुळे पाऊसही बाहेरच राहतो. उघड्या शेतात जादा खत पावसाबरोबर खाली झिरपतं. हरितगृहात उष्णतेनं पाणी वर ओढलं जाऊन उडून जातं आणि क्षार वरच्या थरात उरतात. ठिबकच्या ओलाव्याच्या कडेनं पांढरी पापडी धरते, ती याच क्षारांची.

खरा खेळ आहे आम्लतेचा. युरियापासून बनलेल्या अमोनियमचं जिवाणू नायट्रेट करतात, तेव्हा अमोनियमच्या प्रत्येक आयनामागे (भारित कणामागे) दोन हायड्रोजन आयन सुटतात. आम्लता येते ती यांच्यामुळेच. नायट्रेट पिकानं उचललं, तर मुळं ही आम्लता बरीचशी भरून काढतात. पण खत गरजेपेक्षा जास्त असेल तर नायट्रेट पडून राहतं, आम्लताही राहते आणि मातीचा सामू (pH, तो जितका कमी तितकी माती आम्ल) उतरत जातो.

इथे कॅडमियम, एक विषारी धातू, पुढे येतं. ते स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खतांमधून येतं, कारण ज्या खडकापासून ही खतं बनतात त्यातच ते असतं. म्हणूनच युरोपीय संघानं 2022 पासून अशा खतांवर, दर किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे (खतातलं स्फुरद याच रूपात मोजतात) 60 मिलिग्रॅम कॅडमियम, अशी मर्यादा घातली. चिकणमाती आणि ह्यूमसच्या (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या) कणांवर ऋणभारित जागा असतात. सामू सातच्या आसपास असताना कॅडमियम तिथे धरून ठेवलं जातं. हायड्रोजन आयन वाढले की ते या जागा बळकावतात आणि कॅडमियम मातीतल्या पाण्यात उतरतं. नव्यानं कणभरही न टाकता तीच माती पिकाला जास्त कॅडमियम देऊ लागते! मुळांत त्याच्यासाठी वेगळी वाट नाही. जस्त आणि लोह आत घेणाऱ्या प्रथिनांमधूनच ते शिरतं. पालक, लेट्यूस यांच्या पानांत ते साठतं, टोमॅटोच्या फळात त्या मानानं कमी पोहोचतं. माणसाच्या मूत्रपिंडात मात्र ते वर्षानुवर्षं मुक्काम करतं.

‘सेंद्रिय म्हणजे विषमुक्त’ ही जाहिरातबाजीही तपासून घ्यावी. कोंबड्यांच्या खाद्यात तांबं आणि जस्त मिसळलेलं असतं, त्याचा मोठा भाग कोंबडखतात येतो. धातू कुजत नाहीत.

म्हणून खताचा पुढचा हप्ता देण्याआधी सामू, क्षारता आणि उपलब्ध स्फुरद तपासावं. सामू उतरला असेल तर चुना द्यावा, स्फुरद पुरेसं असेल तर ते खत थांबवावं. नायट्रेट पाण्यानं धुतलं तर ते भूजलात जातं. त्याऐवजी दोन हंगामांच्या मध्ये मका घेऊन कापून बाहेर काढला, तर बरंचसं नायट्रेट त्याच्याबरोबर निघून जातं.