मासा पोहत गेला, पण जगला का?

पवई तलावावर हौसेने गळ टाकणारे काही जण मासा घरी नेत नाहीत. गळ सोडवतात, फोटो काढतात आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडतात. शेपटी हलवत मासा खाली गेला की सगळ्यांना बरे वाटते. पण असा दमलेला मासा काही तासांनी, कोणाच्या नजरेस न पडता, मरू शकतो. एप्रिल-मेच्या तापलेल्या पाण्यात ही शक्यता आणखी वाढते.

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. समुद्राच्या पाण्यात त्याहून कमी, म्हणून वरळी-वांद्र्याच्या खडकांवरून गळ टाकणाऱ्यांनाही हे लागू आहे. माशाचे शरीर पाण्याबरोबर तापते, आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्याची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हाच पुरवठा आटतो.

त्यात गळाची ओढाताण. जीव खाऊन झटके देणारे स्नायू प्राणवायूशिवाय काम करतात. त्यांत लॅक्टेट साठते, रक्त आम्लधर्मी होते, आणि हे पूर्ववत व्हायला कित्येक तास लागतात. म्हणून बारीक दोरीवर माशाला तासन्‌तास खेळवण्यात मला कौशल्य दिसत नाही. सोडायचाच असेल तर दणकट दोरी वापरावी आणि त्याला लवकर काठाशी आणावे.

खरा घात मात्र हवेत होतो. कल्ल्यांतल्या नाजूक पापुद्र्यांना पाण्याचा आधार असतो. मासा बाहेर काढला की ते ओल्या केसांसारखे एकमेकांना चिकटतात आणि श्वास जवळजवळ थांबतो. कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउटवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दमवून पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के मासे १२ तासांत मेले. दमवल्यावर ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के मेले, आणि एक मिनिट ठेवलेल्यांपैकी तब्बल ७२ टक्के! ट्राउट थंड पाण्यातला, त्यामुळे हे आकडे आपल्या कटला-रोहूला जसेच्या तसे लावता येणार नाहीत; मरळ तर हवेतूनही श्वास घेते. पण कल्ल्यांचे तत्त्व तेच आहे. फोटोसाठी चाललेले ते एक मिनिट माशाला फार महाग पडते.

म्हणून गळ पाण्यातच सोडवावा. त्याचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला तर तो पटकन निघतो. गळ खोल गिळला असेल तर उपसत बसू नये, दोरी तोंडाजवळ कापावी. हात ओले करूनच माशाला धरावे, कारण अंगावरचा बुळबुळीत थर त्याला जंतूंपासून वाचवतो. कोरडा हात, फडके किंवा तापलेला कातळ तो थर खरवडून काढतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत, पोट दाबू नये. पावसाळ्याआधी कटला-रोहूच्या माद्यांच्या पोटात अंडी भरत आलेली असतात. सोडताना त्याला पाण्यात सरळ धरावे, आणि तो स्वतःच्या जोराने निघेपर्यंत ढकलू नये.

एक सल्ला मात्र तपासून घ्यायला हवा. पहाटे पाणी थंड असते, म्हणून पहाटेच गळ टाकावा, असे सांगतात. स्वच्छ, वाहत्या पाण्याला हे ठीक. पण सांडपाण्याने शेवाळ आणि जलपर्णी माजलेल्या तलावात रात्रभर वनस्पती, जिवाणू आणि मासे सगळेच प्राणवायू वापरतात आणि प्रकाश नसल्याने नवा तयार होत नाही. अशा पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटेच. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले, तर त्या दिवशी गळ टाकूच नये.