फिलाडेल्फियातील स्वयंसेवी अग्निशमन पथके : अमेरिका सहलीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या अमेरिका सहलीत फिलाडेल्फियाच्या मुक्कामी नॉर्थ सेकंड स्ट्रीटवरील ‘फायरमन्स हॉल’ हे संग्रहालय आम्ही मुद्दाम ठेवले आहे. एल्फ्रेथ्स ॲली ही जुन्या घरांची प्रसिद्ध गल्ली तेथून अगदी जवळ आहे. पुष्कळ प्रवासी त्या गल्लीत छायाचित्रे काढून पुढे निघून जातात आणि हे संग्रहालय त्यांचे पाहायचे राहते. आमच्या ग्राहकांच्या बाबतीत तसे होऊ नये, म्हणून हे पत्रक आधीच हाती देत आहोत.

आगीचा बंब म्हटला की आपल्याकडे नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची सेवा डोळ्यांसमोर येते. फिलाडेल्फियात मात्र १७३६ पासून १८७१ पर्यंत आग विझवण्याचे काम शहरातील व्यापारी, कारागीर आणि दुकानदार यांनी पगार न घेता केले. १७३० साली नदीकाठच्या धक्क्यावर मोठी आग लागली, तेव्हा शहराकडे ती आटोक्यात आणण्याची साधने अपुरी असल्याचे उघड झाले. शहरातील मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन यांनी फेब्रुवारी १७३५ मध्ये आपल्या वृत्तपत्रात या विषयावर सविस्तर पत्र छापले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फावड्यावरून निखारे उघडे नेऊ नयेत आणि धुराडी वेळच्या वेळी साफ करावीत, इतक्या बारीक सूचना त्यात होत्या. पुढे ७ डिसेंबर १७३६ रोजी ‘युनियन फायर कंपनी’ हे स्वयंसेवी पथक स्थापन झाले. फ्रँकलिन यांच्या जन्मगावी, बॉस्टनमध्ये, अशी मंडळे त्याआधीच होती, परंतु ती आपापल्या सभासदांच्या मालमत्तेपुरती होती. घर कोणाचेही असो, मदतीला धावावे, हा फ्रँकलिन यांचा आग्रह होता.

या पथकाचा लेखी करार आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण संग्रहालयातील जुन्या वस्तूंचा अर्थ त्यातूनच उलगडतो. प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने चामड्याच्या दोन बादल्या आणि जाड कापडाच्या चार पिशव्या तयार ठेवायच्या होत्या. त्यांवर नावाची आद्याक्षरे घालायची होती आणि पिशवीच्या तोंडाशी ओढून आवळण्याची दोरी असायची होती. बादल्या पाण्यासाठी होत्या, तर पिशव्या जळत्या घरातील सामान भरून बाहेर काढण्यासाठी. त्या गोंधळात चोरी होऊ नये म्हणून दारावर पहारा ठेवण्याचीही तरतूद होती. रात्री आगीची आरोळी कानी पडताच सभासदांनी आपल्या खिडक्यांत दिवे लावावेत, म्हणजे धावणाऱ्यांना रस्ता दिसेल, असेही कलम होते. सभासदसंख्या तीसपुरती ठेवली होती. त्याहून अधिक लोक येऊ लागले, तेव्हा त्यांना नवे पथक काढण्यास सांगण्यात आले आणि अशी पथके एकामागून एक उभी राहिली. मासिक सभेला न येणाऱ्यांकडून दंड घेतला जाई आणि त्या पैशातून बंब, शिड्या व लोखंडी आकडे (हुक) विकत घेतले जात. गैरहजेरीच्या दंडातून शहराला बंब मिळावेत, ही योजना आम्हाला आजही थोर वाटते.

हातबंब पाहताना त्याची रचना समजून घ्यावी. पाण्याच्या टाकीत दोन पंप बसवलेले असत आणि दोन्ही बाजूंच्या लांब दांड्या माणसे आळीपाळीने खाली दाबत. पंपांना जोडलेल्या हवेच्या बंद भांड्यात दाब साठत असल्यामुळे पाण्याची धार तुटक न येता सलग येई. टाकी मात्र बादल्यांनीच भरावी लागे. त्यासाठी विहिरीपासून बंबापर्यंत माणसांच्या दोन रांगा लागत. एकीतून भरलेल्या बादल्या पुढे जात आणि दुसरीतून रिकाम्या परत येत.

१८०१ साली शहरात लाकडी नळांतून पाणीपुरवठा सुरू झाला आणि हे चित्र पालटले. १८०३ मध्ये केवळ नळी वाहून नेणारे ‘फिलाडेल्फिया होज कंपनी’ हे पथक निघाले. शिवलेली चामडी नळी दाबाने शिवणीवर फुटत असे. त्याच शहरातील कारागिरांनी १८०७ च्या सुमारास शिवणीऐवजी धातूचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे खिळे, वापरून तो प्रश्न सोडवला. आमच्या मते बंबाइतकेच महत्त्व या रिव्हेटना द्यायला हवे, कारण त्यांच्यामुळेच पाणी दाबाने लांबवर नेता आले.

जुन्या घरांच्या भिंतींवर चार हात एकमेकांत गुंफलेली एक खूण दिसते. फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने १७५२ मध्ये सुरू झालेल्या आगविमा संस्थेची ती खूण आहे. ‘खूण नसलेले घर बंबवाले जळू देत’ अशी गोष्ट पर्यटकांना पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यावर विश्वास ठेवू नये, कारण येथील पथके विमा संस्थांच्या मालकीची नव्हती.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू लपवणेही योग्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही पथकांतील चुरस इतकी विकोपाला गेली की, आगीच्या जागी आधी पोहोचण्यावरून रस्त्यात मारामाऱ्या होऊ लागल्या. वाफेवर चालणारे बंब आल्यावर दांड्या दाबण्यासाठी मोठ्या जमावाची गरजही उरली नाही. अखेरीस मार्च १८७१ पासून शहराचे पगारी अग्निशमन दल काम करू लागले. आपण ज्या इमारतीत हे सारे पाहणार आहोत, ती १९०२ सालची, म्हणजे पगारी दलाच्या काळातील अग्निशमन केंद्राची आहे.

स्वयंसेवी पथके मोठ्या शहरातून गेली, तरी देशातून गेलेली नाहीत. अमेरिकेतील सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक आजही स्वयंसेवक असून पेन्सिल्व्हेनियातील लहान गावांत त्यांची केंद्रे आपल्याला बसमधूनही दिसतील. अशा केंद्रापाशी थांबण्याची इच्छा असल्यास सहल व्यवस्थापकांना आधी सांगावे आणि छायाचित्र काढताना बंब बाहेर पडण्याच्या दरवाजासमोर उभे राहू नये. संग्रहालयाच्या वेळा निघण्याच्या आठवड्यात आम्ही पुन्हा तपासून आपल्याला कळवू.