हिमाचलच्या डोंगरी नद्यांवर गळाची मासेमारी आणि मत्स्यपर्यटन : परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

हिमाचल प्रदेशातील तीर्थन, सैंज, ऊहल, पब्बर आणि बास्पा या थंड पाण्याच्या नद्यांत ट्राउट मिळतो, तर बियास नदीच्या खालच्या टप्प्यात आणि गिरी नदीत महाशीर. या पाण्यावर हौसेखातर गळ टाकणाऱ्याला मत्स्यविभागाचा परवाना लागतो. आणि अशा पाहुण्यांसाठी मुक्काम, वाटाड्या व साहित्य यांची सोय करून ज्याला व्यवसाय उभा करायचा आहे, त्याला मत्स्य, महसूल, पर्यटन, वन आणि ग्रामपंचायत अशा निरनिराळ्या कार्यालयांकडे जावे लागते. यातले कोणतेही काम अवघड नाही. मात्र क्रम चुकला तर वर्ष वाया जाते, कारण मासेमारीचा हंगामच ठरावीक महिन्यांचा असतो. म्हणून ही माहिती कामे ज्या क्रमाने करावी लागतात त्याच क्रमाने दिली आहे.

पाणी कोणाच्या अखत्यारीत आहे, हे आधी पाहावे

अर्ज भरण्याआधी नदीचा जो पट्टा मनात आहे, तो कोणाच्या अखत्यारीत येतो हे निश्चित करावे. सर्वसाधारण नदीवर हिमाचल प्रदेश मत्स्य अधिनियम, १९७६ लागू होतो आणि परवाना मत्स्यविभाग देतो. नदी राष्ट्रीय उद्यानातून किंवा अभयारण्यातून वाहत असेल, तर तेवढ्या भागात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि मत्स्यविभागाच्या परवान्याचा तेथे काहीही उपयोग होत नाही. तीर्थनचेच उदाहरण घेऊ. ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावते. या उद्यानाला २०१४ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. उद्यानाच्या हद्दीत गळ टाकता येत नाही, हद्दीखालच्या गावांच्या पट्ट्यात परवाना घेऊन टाकता येतो. नदी तीच, पाणी तेच, पण हद्दीच्या खांबाच्या या बाजूला छंद आणि त्या बाजूला गुन्हा. कावेरीच्या अभयारण्यातील महाशीरच्या गळ-शिबिरांची पूर्वी मोठी ख्याती होती. तेथील मासा पकडून पुन्हा सोडून देण्याची शिस्तही वाखाणली जात असे. तरीही वन्यजीव कायद्याच्या कसोटीवर ती शिबिरे थांबवावी लागली. ज्याला गुंतवणूक करायची आहे, त्याने ही गोष्ट विसरू नये.

नदीकाठची जमीन आपल्या किंवा भागीदाराच्या नावावर असली, म्हणून पाण्यातल्या माशांवर हक्क मिळतो असेही नाही. काठ खासगी असू शकतो, मासेमारीचे नियमन मात्र सरकारकडेच राहते.

गळ टाकणाऱ्याचा परवाना

हौशी मासेमारीच्या परवान्यासाठी स्थानिक रहिवासी असण्याची अट नाही; दुसऱ्या राज्यातील नागरिक आणि परदेशी पाहुणेही तो घेऊ शकतात. अर्ज त्या खोऱ्यातील मत्स्यविभागाच्या कार्यालयात किंवा ट्राउट केंद्रावर करावा. सोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र, परदेशी व्यक्तीसाठी पारपत्र व व्हिसाची प्रत, मुक्कामाचा पत्ता आणि मासेमारीच्या तारखा द्याव्या लागतात. शुल्क सरकार वेळोवेळी ठरवते, म्हणून ते कार्यालयातच विचारावे आणि भरल्याची पावती न विसरता घ्यावी. मुक्कामाच्या यजमानाने ‘परवान्याचे आम्ही बघतो’ असे सांगितले, तरी आपल्या नावाचा कागद आपल्या हातात आल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

कागद हातात आला की तेथेच उभे राहून तो वाचावा. नाव आणि तारीख बरोबर आहे का, नदीचे नाव आहे का, कोणत्या पट्ट्यासाठी तो आहे, साधन म्हणून केवळ गळ व दांडा लिहिले आहे का, घरी नेता येणाऱ्या माशाची किमान लांबी किती, दिवसाची कमाल संख्या किती, या सहा बाबी पाहायला दोन मिनिटे लागतात. काश्मीरमध्ये नदीचे ठरावीक पट्टे पाडलेले असतात, त्यांना ‘बीट’ म्हणतात, आणि परवाना त्या बीटपुरता व त्या दिवसापुरताच चालतो. सवयीने तिकडचा नियम इकडे किंवा इकडचा तिकडे लावू नये. परवाना दुसऱ्याच्या नावे वापरता येत नाही, आणि नदीवरच्या रखवालदाराने मागितला की तो दाखवावाच लागतो. ओल्या हातांनी काढावा लागणारा हा कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला बरा.

हंगामाबाबत कोणतीही सवलत मिळत नाही. ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, कारण तपकिरी ट्राउट याच थंडीत नदीतळाच्या बारीक खडीत अंडी घालतो. इतर पाण्यात १६ जून ते १५ ऑगस्ट हा बंदीचा काळ असतो, कारण पावसाळ्यात महाशीर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. नाताळच्या सुटीत ट्राउट गरवायला जाण्याचा बेत आखणाऱ्यांनी म्हणूनच तिकिटे काढण्यापूर्वी तारखा पाहाव्यात. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे तर भारतीय मत्स्य अधिनियम, १८९७ पासूनच गुन्हा आहे.

पकडलेला मासा सोडून द्यायचा असेल, आणि महाशीर सोडूनच द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, तर सोडण्याचीही रीत आहे. गळाचा काटा आधीच पक्कडीने दाबून बोथट केलेला असावा. माशाला हात लावण्यापूर्वी हात पाण्यात बुडवून ओले करावेत, कारण कोरड्या तळव्याला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर चिकटून येतो आणि उघड्या पडलेल्या कातडीला पुढे बुरशी धरते. गळ काढताना मासा शक्यतो पाण्यातच ठेवावा, काठावरच्या गोट्यांवर आपटू देऊ नये, आणि सोडताना तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत हलकेच धरून ठेवावा. कल्ले नीट चालू लागले की तो स्वतःच शेपटीचा फटका मारून निघून जातो. सोनेरी महाशीर जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. रायगड जिल्ह्यातील वाळणकोंडी येथे देवीचे मासे म्हणून महाशीर राखले गेले, ते ज्यांनी पाहिले असतील त्यांना नदीतला एक डोह सुरक्षित राहिला तर काय घडते हे वेगळे सांगायला नको.

व्यवसाय करू इच्छिणाऱ्याची पात्रता

महाराष्ट्रातून जाऊन नदीकाठी जागा विकत घ्यायची आणि शिबिर सुरू करायचे, ही कल्पना बहुतेकांच्या मनात पहिली येते आणि तीच पहिल्यांदा बाजूला ठेवावी लागते. हिमाचल प्रदेश कुळवहिवाट व जमीन सुधारणा अधिनियम, १९७२ च्या कलम ११८ नुसार, जो त्या राज्यातला शेतकरी नाही, त्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन विकत घेता येत नाही. आपल्या गावी सातबाऱ्यावर नाव असणे येथे कामी येत नाही. स्थानिक माणसाच्या नावे जमीन घेऊन मागे आपण राहण्याचा सल्ला देणारे भेटतात; तो सल्ला बेकायदा व्यवहाराचा आहे आणि त्यात जमीनही जाते व पैसाही.

सरळ मार्ग असा की स्थानिक कुटुंब, बचत गट किंवा मत्स्य सहकारी संस्था यांनी मूळ अर्जदार व्हावे, आणि बाहेरच्याने लेखी कराराने प्रशिक्षण, पाहुणे मिळवणे, साहित्य अशा सेवा द्याव्यात. यात माझा केवळ कायद्याचा विचार नाही. तीर्थन आज मोकळी वाहते आहे, कारण बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि तेथील गावकरी या नदीवरील जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध न्यायालयापर्यंत लढले. ज्यांनी नदी राखली, नदीचे उत्पन्नही त्यांच्या घरात गेले पाहिजे. नाहीतर रात्री जाळे लावणाऱ्याला अडवण्याचे कारण गावाला उरत नाही.

मुक्कामाची सोय करायची असेल, तर पर्यटन विभागाकडे होमस्टे म्हणून नोंदणी करावी लागते. घर मालकाचे हवे आणि मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे, हे या नोंदणीचे मूळ सूत्र आहे. जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) ऑनलाइन भरावा लागतो. घरगुती पातळीवर सुरुवात करणाऱ्यांकडून हा फॉर्म हमखास राहून जातो.

अनुदानासाठी अर्ज

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली आणि पुढे तिला २०२५-२६ पर्यंत मुदत मिळाली. त्यामुळे अर्जापूर्वी चालू वर्षाचे अर्ज घेणे सुरू आहे का, हे जिल्हा मत्स्य कार्यालयात विचारून घ्यावे. या योजनेत मनोरंजनात्मक मत्स्यव्यवसायाला चालना देण्याचा स्वतंत्र घटक असून त्याचा एकक खर्च, म्हणजे एका प्रकल्पासाठी धरलेला मान्य खर्च, ५० लाख रुपये आहे. सर्वसाधारण प्रवर्गातील लाभार्थ्याला मान्य खर्चाच्या ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीतील लाभार्थ्याला ६० टक्के साहाय्य मिळते, म्हणजे पूर्ण एककासाठी अनुक्रमे २० आणि ३० लाख रुपयांपर्यंत. हिमालयीन राज्यांत या साहाय्यातील ९० टक्के वाटा केंद्राचा आणि १० टक्के राज्याचा असतो. मच्छीमार, मत्स्यशेतकरी, बचत गट, सहकारी संस्था, मत्स्य उत्पादक संघटना आणि उद्योजक हे अर्ज करू शकतात.

ज्यांना नदीवर अवलंबून राहायचे नाही, त्यांच्यासाठी ट्राउटच्या वाहत्या पाण्याच्या टाक्या, म्हणजे रेसवे, हा वेगळा घटक आहे. किमान ५० घनमीटरच्या एका रेसवेसाठी एकक खर्च ३ लाख रुपये आहे. नवख्या पाहुण्याला आणि लहान मुलांना गळ धरायला शिकवण्यासाठी अशी टाकी नदीपेक्षा केव्हाही चांगली. मात्र ट्राउटला २० अंश सेल्सिअसच्या खालचे स्वच्छ, वाहते पाणी बाराही महिने लागते, त्यामुळे मे-जून महिन्यांत दुपारी पाण्याचे तापमान मोजून नोंद ठेवावी आणि मगच अर्ज करावा.

अर्जासोबत लागणारी कागदपत्रे पुढीलप्रमाणे आहेत : आधार व पॅन, बँक खात्याचा तपशील, लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र, गटाचे किंवा संस्थेचे नोंदणीपत्र व ठराव, प्रकल्प अहवाल, स्वहिश्श्याची किंवा कर्जमंजुरीची पत्रे, आवश्यक ना-हरकत दाखले, आणि जमिनीचा पुरावा. आपल्याकडे जसा सातबारा, तशी तिकडे जमाबंदी. तिची ताजी प्रत, खसरा क्रमांक (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) आणि पटवाऱ्याकडचा, म्हणजे तिकडच्या तलाठ्याकडचा, नकाशा लागतो. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर पट्टा नोंदणीकृत आणि पुरेशा मुदतीचा हवा. सर्वाधिक अर्ज अडतात ते इथेच : प्रकल्प अहवालातला खसरा क्रमांक एक आणि जमाबंदीतला दुसरा, किंवा सामाईक खात्यातल्या भावाची संमती नाही. अहवाल लिहायला घेण्याआधी जमाबंदी समोर ठेवावी.

अर्ज जिल्हा मत्स्य अधिकाऱ्याकडे दिला जातो. जागेची पाहणी झाल्यावर तो जिल्हास्तरीय समितीपुढे जातो, तेथून जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात समाविष्ट होऊन राज्यस्तरीय मान्यता समितीकडे जातो. मंजुरीचे पत्र येण्यापूर्वी बांधकाम सुरू करू नये. आधी केलेला खर्च मान्य होईल हे गृहीत धरता येत नाही. अनुदानही एकरकमी आगाऊ मिळत नाही, काम पाहून मिळते, म्हणून स्वहिस्सा खरोखर हाताशी असावा. प्रकल्प अहवालात राहण्याच्या खोल्यांवर भर न देता दांडे, सुरक्षा जाकिटे, वाटाड्यांचे प्रशिक्षण, नदीची राखण आणि पकडलेल्या माशांची नोंद या बाबी ठळक मांडाव्यात. तांत्रिक सल्ल्यासाठी भीमताल येथील शीतजल मत्स्य संशोधन संस्था ही योग्य जागा आहे.

नदीत बाहेरचे बीज सोडण्याचा उल्लेख अहवालात कधीही आपल्या मनाने करू नये. ट्राउट हा येथला मूळचा मासा नाही. काश्मीरमध्ये तो १९०० च्या सुमारास आणि तेथून कुल्लूत १९०९ च्या सुमारास आणला गेला. स्थानिक असेला माशाला त्याची स्पर्धा सोसावी लागते आहे, आणि असेला आज असुरक्षित प्रजातींत गणला जातो. बीज सोडायचे की नाही, कोणते आणि कुठे, हे मत्स्यविभागानेच ठरवायचे असते.

सुरक्षिततेची कागदपत्रे

सैंज आणि तीर्थन या नद्या लारजीजवळ बियासला मिळतात. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात, खाली थलौट येथे पात्रात उतरलेले हैदराबादच्या महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचा सहल-मदतनीस वाहून गेले. त्यांच्यापैकी कोणीही मासे धरायला गेले नव्हते, तरी गळ घेऊन गोट्यांवर उभा राहणारा माणूस त्याच जागी उभा असतो. म्हणून वरच्या बाजूला धरण किंवा वीजप्रकल्प असल्यास, पाणी सोडण्याच्या सूचना कोणाकडून व कशा मिळतात हे प्रकल्प कार्यालयाकडून लेखी घ्यावे, भोंग्याची जागा पाहून ठेवावी आणि वाटाड्याकडे तो दूरध्वनी क्रमांक द्यावा. तंबू पात्रात किंवा पूररेषेच्या आत लावू नयेत. जुलै २०२३ च्या पुराने कुल्लू आणि मंडी जिल्ह्यांत नदी किती वर येते हे दाखवले आहे, आणि गावातल्या कोणत्याही वयस्क माणसाला विचारले तर तो पाणी आले त्या खुणेवर हात ठेवून दाखवतो. ती खूण ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यासोबतच्या नकाशावर काढून घ्यावी, आणि तंबूची जागा तिच्या वरच आखावी.