पोटरीतला गोळा मोजायचा कसा?

डायलिसिस संपायला अर्धा-पाऊण तास उरलेला असतो आणि पोटरीत गोळा येतो. बोटं वाकडी होतात, पोटरी दगडासारखी घट्ट होते. उठून पाय टेकावा असं वाटतं, पण हातात फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेच्या) दोन सुया आहेत. टेक्निशियन धावत येतो, पाणी काढणं थांबवतो, थोडं सलाइन सोडतो, तळपाय दाबून पाऊल वर वळवतो. काही मिनिटांनी गोळा सुटतो. फाइलमध्ये रक्तदाब, वजन, काढलेलं पाणी यांचे आकडे भरले जातात. पेटक्याच्या वाट्याला फार तर एखादा शब्द येतो.

मूत्रपिंडं निकामी झाली की दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांतलं पाणी अंगात साठतं. मशीन ते रक्तातून काढतं. ऊतींमधलं पाणी रक्तात परतायला वेळ लागतो. काढण्याचा वेग त्याहून जास्त झाला की रक्तदाब उतरतो, स्नायूंना रक्त कमी पडतं. म्हणून दर किलो वजनामागे तासाला 13 मिलीलिटरची मर्यादा अनेक डॉक्टर पाळतात. 60 किलोच्या माणसाचं हे चार तासांत साधारण 3.1 लिटर होतं. आपल्याकडे खर्चामुळे अनेकजण आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच डायलिसिस करतात. साहजिकच, एका खेपेला जास्त पाणी काढावं लागतं.

पेटक्यासाठी रक्ताची तपासणी नाही. तो पेशंटनेच सांगायचा. अमेरिकेतल्या किडनी हेल्थ इनिशिएटिव्ह या उपक्रमाने कोणत्या त्रासावर आधी इलाज शोधावा असं पेशंटना विचारलं, तेव्हा शारीरिक त्रासांत थकवा आणि निद्रानाशाबरोबर पेटके पुढे आले. तरी केडीक्यूओएल-36 या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत पेटक्यांसाठी एकच ओळ आहे: गेल्या चार आठवड्यांत किती त्रास झाला? डायलिसिस सिम्प्टम इंडेक्स या दुसऱ्या प्रश्नावलीत 30 लक्षणं आणि विचारणा गेल्या आठवड्याची, पण तिथेही पेटके त्यांतलं फक्त एक लक्षण.

एवढ्याने भागत नाही, असं मला ठामपणे वाटतं. समजा दोघांनीही ‘बराच त्रास’ यावर खूण केली. एकाला महिन्यातून एकदा असा गोळा आला की तो ओरडला. दुसऱ्याला रोज रात्री घरी, अंथरुणात, हलका पेटका येतो आणि झोप मोडते. दोघांचे इलाज वेगळे असू शकतात. म्हणून किती वेळा, किती वेळ, किती जोराचा, मशीनवर की घरी, दुसऱ्या दिवशी पाय दुखत राहिला का, हे वेगवेगळं विचारायला हवं. तेही त्याच दिवशी, कारण चार आठवड्यांपूर्वीची कळ कोण अचूक आठवेल?

आणि विचारायचं कोणत्या शब्दात? आपल्याकडे कुणी पेटके म्हणतं, कुणी गोळा, कुणी वांब. मुंग्या आणि चमक हे त्रास निराळे, पण घाईत तेही त्याच रकान्यात जाऊ शकतात. प्रश्नावली तयार करताना पेशंटसमोर बसून ‘हा प्रश्न वाचून तुम्हाला काय समजलं?’ असं विचारण्याची रीत आहे. मराठीत आणताना ही पायरी गाळली तर आकडे मिळतील, पण ते कशाचे हे कळणार नाही.

गोळ्याच्या धास्तीने काहीजण अर्धा तास आधीच मशीन बंद करायला लावतात. तेवढं पाणी अंगातच राहतं, पुढच्या खेपेला ते जास्तीचं काढावं लागतं, आणि पोटरी पुन्हा आवळते. फाइलमध्ये मात्र लिहिलेलं असतं: पेशंटच्या विनंतीवरून डायलिसिस लवकर थांबवलं.