चल सरासरी व चल प्रचरण

क्रमाने येत राहणाऱ्या संख्यांची सरासरी आणि त्या संख्यांचा सरासरीभोवतीचा विखुरलेपणा, प्रत्येक नवी संख्या आल्यावर सगळी यादी पुन्हा न चाळता, अद्ययावत करण्याच्या गणनपद्धती. विखुरलेपणाचे नेहमीचे माप म्हणजे प्रचरण, अर्थात सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. त्याचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. यांपैकी दुसऱ्या मापाची इंग्रजी संज्ञा कार्ल पिअर्सन यांनी १८९३-९४ च्या सुमारास योजली, तर पहिल्याची रोनाल्ड फिशर यांच्या १९१८ च्या लेखापासून रुळली, असे सामान्यतः मानतात.

‘चल सरासरी’ या नावाखाली दोन वेगळ्या राशी येतात आणि त्यांची गल्लत वारंवार होते. पहिल्या संख्येपासून आतापर्यंतच्या सर्व संख्यांची ती संचयी किंवा धावती सरासरी. फक्त शेवटच्या ठरावीक संख्यांची ती सरकती सरासरी. पुढील विवेचनात मुख्य भर पहिलीवर आहे, कारण गणनाच्या अचूकतेचा प्रश्न तिथेच प्रथम अभ्यासला गेला.

धावती सरासरी काढणे सोपे आहे. नव्या संख्येतून जुनी सरासरी वजा करावी, नव्या संख्येसह आतापर्यंत जितक्या संख्या आल्या त्या मोजदादीने त्या फरकाला भागावे आणि भागाकार जुन्या सरासरीत मिळवावा. प्रचरणासाठी पाठ्यपुस्तकांत बहुधा असे सूत्र देतात, की संख्यांच्या वर्गांच्या बेरजेतून, संख्यांच्या बेरजेचा वर्ग भागिले संख्यांची मोजदाद, एवढी राशी वजा करावी आणि उरलेल्या राशीला शेवटी मोजदादीने भागावे. हे सूत्र बीजगणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि हाताने गणित करणाऱ्यास सोयीचेही. संगणकावर मात्र ते दगा देऊ शकते. ३, ८, ४, ९ या संख्यांची सरासरी ६ असून सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज २६ येते. याच चार संख्यांत प्रत्येकी १०० कोटी मिळवले, तरी विखुरलेपणा तोच राहायला हवा. पण आता वर्गांची बेरीज ४ वर १८ शून्ये या प्रतीची होते. संगणकात संख्या साठवण्याच्या प्रचलित, ‘दुहेरी अचूकतेच्या’ अंकनात ५३ द्विमान अंकच (० किंवा १) सार्थ असल्यामुळे एवढ्या मोठ्या संख्यांच्या टापूत लागोपाठच्या दोन दर्शनीय संख्यांमधले अंतर ५१२ असते. जवळजवळ सारख्या अशा दोन राशींच्या वजाबाकीतून २६ हे उत्तर निघणे मग शक्यच नसते. शून्य निघते, ५१२ च्या पटीतले काही निघते, क्वचित ऋण संख्याही निघते आणि तिचे वर्गमूळ काढताना आज्ञावली थांबते. मायक्रोसॉफ्ट एक्सेलमध्येही २००३ पूर्वीच्या आवृत्त्यांत हेच सूत्र वापरात होते.

यावरचा सर्वमान्य उपाय बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकातील एका छोट्या टिपणात मांडला. अंतरांच्या वर्गांची बेरीजच थेट जपायची, आणि नवी संख्या आली की तिचे जुन्या सरासरीपासूनचे अंतर व नव्या सरासरीपासूनचे अंतर यांचा गुणाकार त्या बेरजेत मिळवायचा. वरील चार संख्यांसाठी सरासरी अनुक्रमे ३, ५.५, ५, ६ अशी बदलते आणि बेरीज ०, १२.५, १४, २६ अशी वाढते. दोन्ही अंतरांचे चिन्ह नेहमी एकच असल्याने बेरीज कधीच घटत नाही, हा या पद्धतीचा खरा गुण. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी वेलफर्ड यांचे नाव घेऊन ती आपल्या ग्रंथात दिल्यावर ती सर्वदूर पोचली.

श्रेयाबाबत मतभेद आहेत. नवे निरीक्षण आल्यावर आधीचे लघुतम वर्गांचे (म्हणजे अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान ठेवणारे) उत्तर कसे सुधारावे, हे गणितज्ञ गाउस यांनी १८२० च्या दशकातील लेखनात दाखवले होते आणि १९५० मध्ये आर. एल. प्लॅकेट यांनी ते आधुनिक रूपात मांडले. त्यामुळे काही लेखक वेलफर्ड यांचे सूत्र त्याचीच विशेष अवस्था मानतात. हे तत्त्वतः मान्य होण्यासारखे असले, तरी गाउस यांच्यापुढे यंत्रातील अंकलोपाचा (वजाबाकीत सार्थ अंक नाहीसे होण्याचा) प्रश्न नव्हता, म्हणून पद्धतीस वेलफर्ड यांचे नाव देणेच अधिक योग्य वाटते. भारित संख्यांसाठीचे (प्रत्येक संख्येला वेगळे वजन असते तेव्हाचे) रूप डी. एच. डी. वेस्ट यांनी १९७९ मध्ये दिले. यादीचे दोन भाग वेगवेगळे मोजून मग जोडण्याची रीत चॅन, गोलब व लव्हेक यांनी त्याच सुमारास मांडली: दोन्ही भागांच्या बेरजा एकत्र करून त्यांत सरासऱ्यांच्या फरकाचा वर्ग, दोन्ही भागांतील संख्यांच्या मोजदादींच्या गुणाकाराने गुणून व एकूण मोजदादीने भागून, मिळवावा. अनेक संगणकांवर वाटून केलेल्या गणनांत आज हीच रीत वापरतात.

अंतरांच्या वर्गांच्या बेरजेला शेवटी संख्यांच्या मोजदादीने भागावे की त्याहून एक कमीने, हे यादी संपूर्ण समष्टी (अभ्यासायचा सगळा संच) आहे की तिचा फक्त नमुना यावर ठरते. वरील उदाहरणात प्रचरण त्यानुसार ६.५ किंवा सुमारे ८.६७ येते.

सरकत्या सरासरीत नव्या व गळालेल्या संख्येच्या फरकाला खिडकीच्या रुंदीने (म्हणजे सरासरीत घेतलेल्या शेवटच्या संख्यांच्या मोजदादीने) भागून जुन्या सरासरीत मिळवतात. येथे वजाबाकीही होत असल्याने सूक्ष्म चुका साचतात, म्हणून अधूनमधून खिडकीचे गणित नव्याने मांडावे लागते. अशी सरासरी मूळ मालिकेच्या मागे राहते: १२ संख्यांच्या खिडकीत ही पिछाडी साडेपाच स्थानांची असते, आणि म्हणूनच मासिक आकडेवारीत केंद्र जुळवण्यासाठी दोनदा सरासरी काढतात. आर. एच. हूकर यांनी १९०१ मध्ये अशा सरासरीचा वापर केला. तिचे प्रचलित इंग्रजी नाव पुढील दशकात स्थिरावले असावे. निव्वळ यादृच्छिक संख्यांचीही सरकती सरासरी लाटांसारखी दिसते, हे येवगेनी स्लुत्स्की यांनी १९२७ मध्ये दाखवले, आणि आलेखात आवर्तने शोधणाऱ्यांना ते आजही अडचणीचे आहे.

जुन्या संख्यांचे वजन क्रमाक्रमाने घटवणारी घातांकी सरासरी १९५० च्या दशकात रॉबर्ट ब्राउन व चार्ल्स होल्ट यांनी विकसित केली. तिच्यासाठी खिडकीतील संख्या साठवाव्या लागत नाहीत.

मध्यकाच्या (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणाऱ्या संख्येच्या) बाबतीत असे नेमके अद्ययावतीकरण मर्यादित स्मृतीत जमत नाही. तेथे राज जैन व इम्रिक क्लॅमटॅक यांच्या १९८५ च्या पद्धतीसारख्या अंदाजी रीती वापरतात.