जप, श्वास आणि बीपीची गोळी

सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरत असतो. मंत्रोच्चाराने रक्तदाब कायमचा बरा होतो, नासाने सूर्यातून ओंकाराचा नाद ऐकला, अमेरिकेतले डॉक्टर आता गोळ्यांऐवजी जप लिहून देतात, वगैरे. आमच्या नागपुरात अंबाझरीला भेटणाऱ्या एका गृहस्थांनी तो फारच मनावर घेतला. “गोळी सोडली नं भाऊ मी, आता जपच करतो. पाहा नं, एकशे तीस!” जप करून उठल्या उठल्या घेतलेला तो आकडा खरा होता, आणि पंचाईत तिथेच आहे. मजकूर निव्वळ खोटा असता तर दोन ओळींत निकाल लागला असता. त्यात एक धागा खरा आहे आणि तो इतका सुंदर आहे की त्याच्यावर लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

आधी सूर्याचं आटपून टाकू. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये आवाज वाहून आणील असं माध्यमच नाही. सूर्याचा पृष्ठभाग थरथरतो हे खरं, पण त्याच्या मुख्य आंदोलनांचा काळ सुमारे पाच मिनिटांचा आहे. म्हणजे पाच मिनिटांत एक हेलकावा. शास्त्रज्ञ ही मोजमापं हजारो पटींनी वेगवान करून त्यांची ध्वनिफीत बनवतात आणि तेव्हा कुठे कानाला काहीतरी घूं घूं ऐकू येतं. त्यात ज्याला जे ऐकायचं ते ऐकू येईल.

आता खरा धागा. आपलं हृदय मेंदूच्या आज्ञेवाचूनही धडधडतं. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो, तो स्वतःच्या लयीत मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतो. तरी बसल्या जागी आपली नाडी सत्तर-पंचाहत्तर भरते, कारण मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची चेता त्याला सतत आवरून धरते. हृदयाचं प्रत्यारोपण करताना ही चेता कापली जाते, म्हणून प्रत्यारोपित हृदय विश्रांतीतही नव्वद ते एकशेदहाच्या वेगाने चालतं.

मनगटावर दोन बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या. श्वास आत घेताना व्हेगसची पकड थोडी सैल होते आणि नाडी जलद पडते, सोडताना पकड घट्ट होते आणि नाडी मंदावते. वयाबरोबर हा फरक कमी होत जातो, पण तरुण पोरापोरींना तो बोटांना स्पष्ट कळतो. ही निरोगी हृदयाची खूण आहे. घड्याळासारखं एकसारखं टकटकणारं हृदय पाहून डॉक्टर खूश होत नाहीत.

श्वासाच्या या लयीशेजारी शरीरात दुसरी एक लय चालू असते, ती रक्तदाबाची. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फाट्याशी आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी चेताग्रं असतात. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते आणि ही चेताग्रं मस्तिष्कपुच्छाकडे संदेशांचा भडिमार करतात. (शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात लहान मेंदूच्या खाली काढलेला तो भाग. मुलं त्याचं नाव पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.) तिथून दोन हुकूम सुटतात. व्हेगसला सांगितलं जातं, हृदय हळू कर. अनुकंपी चेतांना, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या चेतांना, सांगितलं जातं, रक्तवाहिन्या आवळणं कमी करा. दाब उतरतो. उतरला की हेच सगळं उलट. याला बॅरोरिफ्लेक्स म्हणतात. आपण खाटेवरून उठून उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे ओढलं जातं, तरीही आपण कोसळत नाही ते याच्यामुळे.

यातला माझा आवडता भाग म्हणजे हे दोन्ही हुकूम एकाच वेळी पोचत नाहीत. व्हेगस आपल्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सोडते, त्याने सायनस नोडच्या पेशींमधले पोटॅशियमचे मार्ग लगेच उघडतात आणि पुढचा-त्यापुढचा ठोका लांबतो. अ‍ॅसिटिलकोलीन तिथल्या तिथे नष्टही होतं, त्यामुळे परिणाम आला तसा ओसरतो. अनुकंपी बाजूचं काम सरकारी टेबलांवरून फिरतं. नॉरअ‍ॅड्रेनालिन सुटणार, ते पेशीवरच्या ग्राहीला चिकटणार, पेशीच्या आत एकामागून एक रासायनिक निरोप जाणार आणि मग कुठे रक्तवाहिनीचा स्नायू आवळणार किंवा सैल पडणार. यात काही सेकंद जातात. थंडीत गिझरच्या नळाशी आपली जी झटापट होते तीच इथे होते. गार लागतं म्हणून गरम पाण्याचा नळ वाढवावा तर गरम पाणी यायला वेळ लागतो, तोवर आपण आणखी वाढवून बसतो, मग चटका बसतो. उशिरा पोचणाऱ्या प्रत्येक दुरुस्तीचा असा हेलकावा होतो. माणसाच्या रक्तदाबात या हेलकाव्याचा काळ साधारण दहा सेकंदांचा असतो. या लाटांना मायर लाटा म्हणतात, सिग्मंड मायर यांनी त्यांचं वर्णन १८७६ मध्येच केलं होतं.

एरवी आपण मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो, म्हणजे एक श्वास तीन ते पाच सेकंदांचा. रक्तदाबाची लाट दहा सेकंदांची. दोघींच्या चाली वेगळ्या आणि त्या आपापल्या वाटेने जातात. पण श्वास मिनिटाला सहावर आणला तर एक श्वासही दहा सेकंदांचा होतो, आणि दोन्ही लाटा एकमेकींवर चढून एकच मोठी लाट होते. नाडीचा चढउतार कितीतरी पटींनी वाढतो. भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेला अनुनाद तो हाच, फक्त तो काचेच्या नळीतल्या हवेऐवजी छातीत घडतो.

इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी लॅटिन भाषेतली ‘आवे मारिया’ ही जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, ओळीची लांबीच तेवढी होती. बॅरोरिफ्लेक्सची संवेदनशीलता ९.५ वरून ११.५ वर गेली. हा आकडा काय सांगतो? वरचा दाब एक मिलिमीटरने वाढला तर दोन ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंदांनी लांबतं, ते. जास्त असेल तितकं बरं. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या जवळपास तेराशे रुग्णांच्या १९९८ च्या एका अभ्यासात ही संवेदनशीलता तीनच्या खाली असणाऱ्यांमध्ये पुढे मृत्यूचं प्रमाण लक्षणीय जास्त आढळलं होतं.

म्हणजे एक ख्रिस्ती प्रार्थना, एक तिबेटी बौद्ध मंत्र, आणि परिणाम तोच. देव कोणता, भाषा कोणती, याची व्हेगसला खबर नसते. बोलणं श्वास सोडतानाच होतं, म्हणून एका दमात म्हणायची लांब ओळ आपोआप उच्छ्वास लांबवते. सदरच्या कॅथेड्रलमध्ये संथ लयीत म्हटलेली रोझरी, दीक्षाभूमीवर ठाय लयीत म्हटलेलं त्रिशरण, ताजबागेत सावकाश केलेला जिक्र, घरी देवासमोर बसून घोळवून म्हटलेलं स्तोत्र, ही सगळी या हिशेबात बसतात. उलट टेकडीच्या गणपतीला टाळ्या पिटत उडत्या चालीवर म्हटलेली आरती बसत नाही. तिथे श्वास अपुरा पडतो, नाडी वाढते. तिचा आनंद आहेच, पण तो वेगळ्या खात्यातला. आणि ज्याचा कशावरच विश्वास नाही त्याने घड्याळाकडे बघत पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर असं केलं तरी याच चेता कामाला लागतात. याच बर्नार्डींच्या गटाने २००५ मध्ये नुसत्या संथ श्वसनाने उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा दाब काही अंकांनी उतरल्याचं दाखवलं. त्यात मंत्र नव्हता, माळ नव्हती.

मग अंबाझरीच्या काकांचं चुकलं कुठे? त्यांनी मोजला तो जप संपतानाचा दाब. बॅरोरिफ्लेक्स ही ठोक्या-ठोक्याची, सेकंदांची यंत्रणा आहे. वर्षानुवर्षं दाब चढा राहिला की ती त्या चढ्या दाबालाच ‘हेच बरोबर’ मानू लागते, आणि पुढे तोच सांभाळत बसते. शिवाय दीर्घकाळचा दाब मुख्यतः मूत्रपिंडं ठरवतात, शरीरात मीठ आणि पाणी किती ठेवायचं यावरून. पंधरा मिनिटांच्या जपाने त्यांचा हिशेब बदलत नाही. दुपारी चारला, वर्धा रोडच्या वाहतुकीतून घरी आल्यावर काकांनी मोजला असता तर आकडा निराळा दिसला असता. जप जरूर करावा, गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नये.

श्रद्धेची दुसरी वाट वेदनेची आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. खोट्या औषधाने काहींच्या वेदना कमी झाल्या. मग नॅलॉक्सोन दिलं, तशी ती उतरलेली वेदना परत आली. नॅलॉक्सोन हे अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध. याचा अर्थ, ‘आता बरं वाटेल’ या भरवशानेच मेंदूने स्वतःची अफू तयार केली होती. म्हणून अंगारा लावल्यावर पोटदुखी कमी झाली असं कुणी म्हटलं तर हसू नये, ती खरोखर कमी झालेली असू शकते. पण आपल्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. सांधे असह्य दुखायला लागले की काही घरांत अजूनही ‘बाहेरची बाधा’ म्हणून मांत्रिक गाठला जातो. तिथे वेदना थोडी शमलीही, तरी हिमोग्लोबिनच्या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं आहे ते कुणाच्या भरवशाने हलत नाही. लाल पेशी वाकड्या होतच राहतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतच राहतात. चेतांचं जाळं पोचतं तिथवर श्रद्धेचा हात पोचतो, जनुकापर्यंत नाही.

दुसऱ्याने आपल्यासाठी केलेली प्रार्थना हा आणखी एक लोकप्रिय दावा. त्याचीही चाचणी झाली आहे. २००६ मध्ये हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांचा अभ्यास छापला. तुमच्यासाठी कदाचित प्रार्थना होईल असं सांगितलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी ती खरोखर झाली त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्के, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१ टक्के. आणि ज्यांना ‘नक्की होणार’ असं सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्के! याचं कारण पक्कं ठरलेलं नाही. पण ‘माझ्यासाठी प्रार्थना करायला लागतेय म्हणजे प्रकरण गंभीर दिसतंय’ असं खाटेवर पडल्या पडल्या वाटलं असेल, हे आपल्याकडच्या कुठल्याही रुग्णाला समजावून सांगावं लागणार नाही.

माणसांच्या सोबतीचा परिणाम मात्र ठसठशीत दिसतो. अमेरिकेतल्या ७४ हजारांहून जास्त परिचारिकांच्या पाहणीत आठवड्यातून एकाहून जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी आढळलं. २०१६ मध्ये हे निष्कर्ष आले. संशोधकांनी त्यामागची कारणं वेगळी काढायचा प्रयत्न केला, तेव्हा माणसांचा आधार आणि धूम्रपान न करणं या दोन गोष्टींचा वाटा प्रत्येकी पाचव्या हिश्श्याच्या थोडा वर निघाला. अर्थात हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. ज्याचे गुडघे धड आहेत तोच देवळाच्या पायऱ्या चढतो, ही शंका पुरती पुसली जात नाही. शिवाय सोबतीला देव लागतोच असंही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखो लोकांनी जो धम्म स्वीकारला त्यात सृष्टी निर्माण करणारा ईश्वर नाही, पण दर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर सोबतीची काही कमी दिसत नाही.

शेवटी सापाचं सांगायला हवं, पावसाळ्यात रामटेक-उमरेडकडून असे रुग्ण येतच असतात. भगताने उतरवलेलं विष खरंच उतरलेलं ‘दिसतं’, कारण चावणारे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता नुसता दंश करतो. असे रुग्ण घरी झोपून राहिले असते तरी बरे झाले असते. त्यांच्या जिवावर भगताचं नाव होतं आणि त्या नावावर विसंबून पुढचा रुग्ण येतो, ज्याला खरोखर घोणस चावलेली असते. घोणसचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं, मूत्रपिंडं निकामी करतं. मण्यार तर रात्री झोपेत चावते, दुखत फारसं नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात, श्वासाचे स्नायू सैल पडतात. इथे व्हेगस काही करू शकत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.