चिखल नसलेलं चाक कसं काढायचं?

कवितेच्या तासाला चित्रकला आणायची म्हटलं की बहुतेक वेळा एकच होतं. कविता शिकवून संपते, दहा मिनिटं उरतात आणि 'आता या कवितेचं चित्र काढा' अशी सूचना येते. मुलं आकाश निळं करतात, सूर्याला किरणं काढतात आणि कवितेकडे पुन्हा कुणी ढुंकूनही बघत नाही. या चित्राचा तोटा काही नसतो, पण त्यानं कविता जास्त कळते असंही नाही. चित्र कामाला येतं ते अर्थ ठरण्याआधी काढलं तर, आणि काढताना मूल कुठेतरी अडलं तर.

हे अडणं कसं असतं ते पाहण्यासाठी मुद्दाम रचलेल्या या तीन ओळी घ्या:

दारात उभी सायकल,
चाकाला चिखल नाही
आणि बाहेर पाऊस.

एकही शब्द अवघड नाही. वाचणाऱ्याला वाटतं, कळलं. पण पेन्सिल हातात घेतली की प्रश्न सुरू होतात. सायकल दाराच्या आत की बाहेर? आणि 'चिखल नाही' हे काढायचं कसं? स्वच्छ चाक काढलं तर ते नुसतं चाक दिसतं. चित्राला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून चिखल दुसरीकडे काढावा लागतो: वाटेवर, बुटांना, शेजारच्या सायकलीला. ज्या मुलाला हे सुचलं त्याला दुसरी ओळ कळली, कारण चाकाला चिखल असायला हवा होता ही अपेक्षा त्यानं पकडली. मग पुढचा प्रश्न. पाऊस आत्ताच सुरू झालाय, की कित्येक दिवस ही सायकल कुणी बाहेर काढलेलीच नाही? शब्दांना दोन्ही चालतं, पेन्सिलीला एकच निवडावं लागतं. चार मुलांनी चार वेगळ्या निवडी केल्या की वाद होतो, आणि तो सोडवायला सगळ्यांना पुन्हा ओळींकडेच जावं लागतं.

वाचताना मन आपोआप काहीतरी रेखाटत असतं, याला प्रयोगांचा आधार आहे. मानसशास्त्रज्ञ रोल्फ झ्वान आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना गरुडाबद्दलची वाक्यं वाचायला दिली. काहींमध्ये गरुड आकाशात होता, काहींमध्ये घरट्यात. लगेच एक चित्र दाखवून 'ही वस्तू वाक्यात होती का?' असं विचारलं. आकाशाचं वाक्य वाचलेल्यांनी पंख पसरलेला गरुड पटकन ओळखला, घरट्याचं वाक्य वाचलेल्यांनी पंख मिटलेला. वाक्यात पंखांचा उल्लेखच नव्हता. म्हणजे वाचकाच्या मनात आकार तयार होतो, पण तो पुसट असतो आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो. कागदावर तो उतरवला की तपासता येतो.

स्मरणाची बाजूही आहे. शब्द आणि प्रतिमा अशा दोन वाटांनी साठवलेली गोष्ट जास्त टिकते, हा मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांचा सिद्धांत १९७० च्या दशकापासून मांडला जातोय. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो नंतर जास्त आठवतो. प्रत्येक शब्दाला केवळ चार सेकंद दिले तरी फायदा दिसला. चार सेकंदांत कुणी सुबक चित्र काढत नाही. मात्र हे प्रयोग सुट्या शब्दांच्या याद्यांवरचे आहेत. चित्र काढल्यानं कविता 'समजते' हे त्यांतून सिद्ध होत नाही. समजण्याचं काम वर सांगितलेल्या निवडी करतात, आणि त्यासाठी तासाची आखणी नीट लागते.

चाळीस मिनिटांच्या तासाला आठ ते सोळा ओळींची कविता पुरे. पुस्तकातल्या कवितेशेजारी चित्र छापलेलं असेल तर ते आधी झाका. तयार चित्र एकदा दिसलं की अर्धा वर्ग त्याचीच नक्कल करतो. प्रत्येकाला ए-फोर कागदाचा अर्धा तुकडा, एक पेन्सिल, बस्स. रंग नाहीत, खोडरबरही नाही. रंग हातात आले की वेळ आकाश भरण्यात जातो. खोडरबर असला की मूल पहिली निवड पुसून शेजाऱ्यासारखं काढतं, आणि आपल्याला तर ती पहिली निवडच बघायची असते.

कविता दोनदा मोठ्यानं वाचा, सावकाश, मुलांच्या हातात न देता. मग चार मिनिटं चित्र. सहा-सात मिनिटं दिली तर सजावट सुरू होते. त्यानंतर छापील कविता वाटा आणि चित्रातल्या प्रत्येक गोष्टीला कवितेत शब्द आहे का ते शोधायला सांगा. शब्द सापडला तर त्या गोष्टीभोवती गोल, नाही सापडला तर प्रश्नचिन्ह. या खुणांना पाच-सहा मिनिटं लागतात आणि तासातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. प्रश्नचिन्हं दोन प्रकारची निघतात. काही नुसती सवयीची: दोन डोंगर, मधे सूर्य, बाजूला झाड. ती खोडायची. काही मात्र कवितेनं न सांगता सुचवलेली असतात, वाटेवरच्या चिखलासारखी. त्यांच्याशेजारी ज्या ओळीवरून ती सुचली ती लिहायची. उरलेला वेळ जोड्यांत तुलना आणि गरज वाटली तर दुसरं चित्र.

उपमा हमखास घोटाळा करते. 'तळ्यासारखे डोळे' म्हटलं की निम्म्या कागदांवर तळं येतं, कधी कमळांसकट. चूक म्हणून रागवू नका, पण विचारा: कवितेत तळं आहे का, की फक्त डोळे आहेत? आणि तळ्याचं काय घेतलं, पाणी, खोली की स्तब्धता? लहान मुलांसाठी सोय अशी की कवितेत खरोखर असलेलं गडद रेषेनं काढायचं आणि उपमेतून आलेलं तुटक रेषेनं.

काही मुलं 'मला काहीच दिसत नाही' म्हणतात. ते खरं असू शकतं. डोळे मिटून मनात प्रतिमा न येणारे किंवा जेमतेम येणारे लोक सुमारे एक ते चार टक्के असावेत असा अंदाज आहे. मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये या स्थितीला 'अफँटेशिया' हे नाव दिलं. असं मूल कविता कमी समजतं असं नाही. त्याला चित्राऐवजी नकाशा काढू द्या: कोण कुठे आहे, काय कुठून कुठे जातं, बाण आणि शब्द.

अर्थ बाजूला ठेवून नुसता नाद काढायला लावणं हाही चांगला उद्योग आहे. 'बूबा' आणि 'कीकी' हे निरर्थक शब्द आणि एक गोलसर, एक टोकदार आकृती दिली तर बहुतेक लोक बूबा गोल आकाराला जोडतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ भाषांच्या ९१७ लोकांपैकी सुमारे ७२ टक्क्यांनी तसंच केलं. म्हणून प्रत्येक ओळीसाठी वस्तू न काढता एकच सलग रेषा काढायला सांगा. ट, क, च यांची गर्दी असलेल्या ओळीला बरीच मुलं कोपरे देतात, म, ल, ब च्या ओळीला वळणं. अर्थ मऊ आणि रेषा टोकदार अशी विसंगती निघाली तर तिथेच थांबा. कवीनं ते मुद्दाम केलंय का, हा प्रश्न वर्गाला पुरतो.

आता उलटी दिशा: चित्रावरून कविता. यात घाई हा मुख्य शत्रू. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लोक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबत होते. वर्गात निदान तीन मिनिटं द्या आणि पहिलं मिनिट काहीही विचारू नका. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी नजरेच्या हालचाली नोंदवून दाखवलं की एकाच चित्रावर डोळे कुठे फिरतात हे विचारलेल्या प्रश्नावर ठरतं. माणसांची वयं विचारली तर नजर चेहऱ्यांवर, कपडे लक्षात ठेवायला सांगितले तर कपड्यांवर. 'या चित्रातलं दुःख शोधा' असं सांगून टाकलं की मुलं तेवढंच बघतात आणि कविता आधीच लिहून झालेली असते.

सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रॉयगल याच्या नावावर असलेलं इकारसच्या पतनाचं चित्र या कामाला उत्तम. इकारस म्हणजे ग्रीक पुराणकथेतला, मेणानं जोडलेले पंख सूर्याजवळ वितळून समुद्रात पडलेला मुलगा. ब्रसेल्सच्या संग्रहालयातलं हे चित्र मूळ नसून प्रत असावी असं अनेक अभ्यासक मानतात. आपल्या कामाला त्यानं फरक पडत नाही. शीर्षक न सांगता दाखवलं तर नांगर धरलेला शेतकरी, मेंढ्या, जहाज दिसतं. शीर्षक सांगितलं की शोधाशोध होते आणि उजवीकडे खाली, जहाजाजवळ, पाण्याबाहेर आलेले दोन पाय सापडतात. चित्रात सगळं एकाच वेळी समोर असतं. कवितेत ओळीमागून ओळ येते. म्हणून मुलांना एकच निर्णय विचारा: ते पाय कितव्या ओळीत येणार? पहिल्या ओळीत आले तर बातमी होते, शेवटच्या ओळीत आले तर वाचक आधीचं सगळं मागे जाऊन पुन्हा वाचतो. काही मुलं त्यांचा उल्लेखच टाळतात आणि शेतकऱ्याबद्दलच लिहितात, तीही वाट अगदी रास्त आहे.

लिहिण्याआधी चित्रात दिसणारी दहा नामं आणि पाच क्रियापदं टिपून घ्या. 'सुंदर', 'छान', 'मनमोहक' यांना त्या दिवशी बंदी. प्रोजेक्टरवर दाखवायचं असेल तर निदान १,९२० पिक्सेल रुंदीची प्रत घ्या आणि खोलीत अंधार करा, नाहीतर ते पाय शेवटच्या बाकावरून दिसतच नाहीत. छापील प्रत असेल तर ए-थ्री आकाराची, चार-पाच जणांत एक.

गुण चित्राच्या सफाईला देऊ नका. दिले की चांगला हात असलेली मुलं कविता न वाचताच पुढे जातात. तपासायचे ते गोल आणि प्रश्नचिन्हं, आणि प्रत्येक प्रश्नचिन्हाशेजारी लिहिलेली ओळ. आठवड्यानं कविता न दाखवता कोरा कागद देऊन तेच चित्र पुन्हा काढायला सांगा आणि आधीच्या कागदाशेजारी ठेवा. जे बरेच जण गाळतात त्याच्या ओळी वर्गात मोठ्यानं वाचून घ्या. बहुधा त्याच ओळींवर पहिल्या दिवशी कुणी वाद घातलेला नसतो.